मुदत तपासाची की कोठडीची?

फौजदारी तपासाला कायद्याने मुदत घालून दिली आहे, असे विधान आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १८७(३) चा पाठ नीट वाचला असता ते टिकत नाही. ६० किंवा ९० दिवसांची मर्यादा तपासाला नसून, तपास अपुरा असताना आरोपीस कोठडीत ठेवण्याच्या दंडाधिकाऱ्याच्या अधिकाराला आहे. ती उलटली की आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. तपास पुढे चालूच राहतो.

या मुदतीचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. १८९८ च्या संहितेत अशी कोठडी १५ दिवसांपुरतीच होती. तेवढ्यात तपास पुरा होत नसे. म्हणून पोलीस अपुरे दोषारोपपत्र दाखल करीत व कलम ३४४ खाली तहकुबीवर तहकुबी मिळवून आरोपीस आतच ठेवीत. ही पळवाट बुजविण्यासाठी १९७३ च्या संहितेने ६० दिवसांची मर्यादा आणली. गंभीर गुन्ह्यांसाठी ९० दिवस १९७८ च्या दुरुस्तीने आले.

हक्क निर्माण झाला, पण तो बजावावयाचा कोणी? संजय दत्त प्रकरणी (१९९४) घटनापीठाने ठरविले की, न बजावलेला हक्क दोषारोपपत्र दाखल होताच संपतो. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००१) या निर्णयात बहुमताने थोडी सुधारणा झाली: अर्ज करून जामीन देण्याची तयारी दर्शविली, की हक्क बजावला असे समजावे, मग न्यायालयाच्या चुकीने वा विलंबाने तो बुडू नये. हे योग्यच झाले. तथापि दिवस मोजण्याचा भार आरोपीवरच राहिला, आणि ज्याला वकील नाही त्याने तो कसा वाहावा? राकेश कुमार पॉल प्रकरणी (२०१७) बहुमताने तोंडी अर्जही पुरेसा मानला व हक्काची जाणीव करून देण्याची अपेक्षा न्यायालयाकडून केली. परंतु २०२३ च्या संहिताकारांनी कलम १८७ मध्ये तसे एक वाक्यही घातले नाही.

त्यांना ही कल्पना सुचली नव्हती, असेही म्हणवत नाही. त्याच संहितेच्या कलम ४७९ मध्ये कमाल शिक्षेचा अर्धा, व पहिल्याच गुन्ह्यात एकतृतीयांश, काळ काढलेल्या कच्च्या कैद्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. कित्येक वर्षांचा हिशेब ज्या अधिकाऱ्याने ठेवावयाचा, त्याला ६० दिवस मोजणे जड गेले नसते.