चावीगटांचे व्यवस्थापन : शिस्त आणि तिची मर्यादा

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगाची संपत्ती यंत्रांइतकीच संगणकातील आराखड्यांत असते. त्यांच्या टेपवरील प्रतींचे एन्क्रिप्शन, म्हणजेच कूटलेखन, केले की चोरीचे भय ओसरते. मात्र चावी हरवल्यास मालकालाही स्वतःचा आराखडा वाचता येत नाही. या दृष्टीने व्हेरिटासने विकसित केलेल्या नेटबॅकअप प्रणालीतील ‘एनबीकेएमएसयूटिल’ ही आज्ञा तपासण्यासारखी आहे.

या आज्ञेने कमांड लाईनवरून चावीगट निर्माण करता येतो. गटात एका वेळी एकच चावी सक्रिय राहते. निष्क्रिय चावीने नव्या प्रती लिहिता येत नाहीत, जुन्या मात्र उलगडता येतात. कालबाह्य चावी दोन्ही कामांतून बाद होते आणि समाप्त अवस्थेपर्यंत नेल्यावरच ती पुसता येते. ही पायरीपायरीची रचना घाईच्या चुकीला अटकाव करते, हे तिचे निर्विवाद श्रेय होय.

मर्यादा रचनेबाहेर आहे. चाव्यांचा साठा कॅटलॉग बॅकअपमध्ये समाविष्ट होत नाही. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत नसावीत, हा विचार योग्यच. परंतु त्यामुळे साठ्याची स्वतंत्र प्रत ठेवण्याचे दायित्व माणसावर येते. परवलीच्या वाक्यांशातून घडवलेली चावी, तो वाक्यांश व चावीचा टॅग जपल्यास, पुन्हा मिळवता येते. यादृच्छिक चावीला ती सोय नाही. संगणक विभाग एकाच व्यक्तीवर चालणाऱ्या लघुउद्योगात ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की वाक्यांशही जातो. म्हणून आज्ञेच्या ज्ञानाइतकेच, वाक्यांशाची मोहोरबंद नोंद दोघांच्या ताब्यात असणे आणि प्रत परत मिळवण्याची नियमित चाचणी घेणे अगत्याचे ठरते.