दोन साक्षी : ‘अरुणोदया’ची आणि रमाबाईंची

अश्रद्धेकडून ख्रिस्ती श्रद्धेकडे झालेल्या प्रवासाच्या मराठी कथा शोधू लागले, की दोन ग्रंथ आपल्याच परिसराशी नाते सांगतात. ‘अरुणोदय’कार बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला, तर पंडिता रमाबाईंचा १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे कर्नाटकातच. तरीही आपल्याकडील जुन्या मराठी घरांच्या कपाटांत ही पुस्तके क्वचितच आढळतात. धर्मांतराची कथा म्हणजे घराला दुरावलेल्याची कथा, ही समजूत त्यामागे असावी.

‘नास्तिक’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. आपल्या परंपरेने वेदप्रामाण्य नाकारणाऱ्यालाही नास्तिक म्हटले आहे. पदमनजी ज्या परमहंस सभेत वावरले, ती १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली गुप्त सभा जातिभेद आणि मूर्तिपूजा नाकारीत असे. ईश्वर मात्र नाकारीत नसे. पदमनजींची अवस्था म्हणूनच नास्तिक्याची नव्हे, संशयाची होती. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी दिलेले नावच निकाल सांगून टाकते: आधी होती ती रात्र. परंतु या ग्रंथाचे वाङ्मयीन बळ त्या ‘रात्री’च्या वर्णनातच आहे. घरातील देवधर्म, व्रते, सण यांचे तपशील लेखकाने इतक्या बारकाईने नोंदविले आहेत, की सोडून दिलेल्या घराची ओढ त्याच्या युक्तिवादावर मात करते.

रमाबाईंची वाट अधिक खडतर होती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. व्रते, तीर्थे, दाने करूनही देव धावला नाही, आणि पूर्वीची श्रद्धा उरली नाही. पुढे ब्राह्मो विचारांचा सहवास घडला आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. तथापि ‘माझी साक्ष’ या नावाने मराठीत परिचित असलेल्या, १९०७ च्या त्यांच्या मूळ इंग्रजी निवेदनाचे मर्म पुढेच आहे. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. ती प्राप्ती दीक्षेनंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. मधल्या काळात सिद्धांतांविषयी गुरुस्थानी असलेल्या जोगिणीशीही त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला.

पदमनजींचे निवेदन दीक्षेच्या दिशेने चालते. रमाबाईंच्या निवेदनात दीक्षा हा मधला मुक्काम आहे. श्रद्धेच्या प्रवासाचे चित्रण म्हणून दुसरे अधिक प्रामाणिक वाटते, कारण धर्म बदलल्याने प्रश्न संपत नाहीत, हे ते लपवीत नाही. लेखिकेच्या निष्कर्षाशी वाचकाने सहमत व्हावे, अशी अट नाही. ज्या घरांनी अशा माणसांची नावे वंशावळीतून पुसली, त्या घरांतील वाचकांनी निदान त्यांची साक्ष पूर्ण ऐकावी. ती आपल्याच भाषेच्या इतिहासाचा भाग आहे.