दम्याच्या निदानातील एक ‘किंवा’

प्रौढांतील दम्याच्या निदानासंबंधी ब्रिटनमधील ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी, नाइस व साइन या तीन संस्थांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. केवळ लक्षणे ऐकून दम्याचा शिक्का मारण्याची जुनी खोड मोडावी, हा तिचा हेतू स्वागतार्हच म्हटला पाहिजे. त्या खोडीचे मोल कॅनडातील एका अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवून दिले आहे. मागील पाच वर्षांत डॉक्टरांनी दमेकरी ठरविलेल्या ६१३ प्रौढांची पद्धतशीर फेरतपासणी केली असता २०३ जणांत दमा आढळला नाही. त्यांपैकी काहींचा दमा मधल्या काळात शमलाही असेल. परंतु बारा जणांच्या बाबतीत हृदयाचा वा श्वसनाचा दुसराच गंभीर विकार दमा म्हणून खपून गेला होता.

मापनाचा आग्रह म्हणूनच योग्य आहे. आमचा आक्षेप आहे तो मापावरून निर्णय करण्याच्या नियमाला.

मार्गदर्शिकेनुसार प्रथम रक्तातील इओसिनोफिल पेशी किंवा उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजावयाचे. (जंतांमुळेही या पेशी वाढतात, हे आपल्याकडील वैद्यकाने विसरून चालणार नाही.) त्यावरून निर्णय न झाल्यास स्पायरोमीटरवर फुंकावयास लावून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजावयाची, श्वासनलिका रुंदावणारे औषध द्यावयाचे व पुन्हा मोजावयाचे. मूळ मापापेक्षा वाढ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर असेल, किंवा अपेक्षित मूल्याच्या किमान १० टक्के असेल, तर दमा समजावा.

या ‘किंवा’पाशी अभ्यासकाने थबकावे. दोन रुग्ण घेऊ. वय, उंची व लिंग यांवरून दोघांचेही अपेक्षित मूल्य ३ लिटर. पहिल्याचे मूळ माप १ लिटर, औषधानंतर १.२१, वाढ २१० मिलिलिटर, म्हणजे मूळ मापाच्या २१ टक्के, पण अपेक्षित मूल्याच्या अवघी ७ टक्के. दुसऱ्याचे मूळ माप २.७ लिटर, नंतर ३.०१, वाढ मूळ मापाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आत, परंतु अपेक्षित मूल्याच्या दहांहून अधिक. पहिली कसोटी पहिल्याला दमा देते व दुसऱ्याला नाकारते. दुसरी नेमके उलट करते. मूळ माप जितके कमी तितकी टक्केवारी सहज फुगते, हा २००५ च्या अमेरिकी-युरोपीय नियमाचा दोष होता, आणि त्याच संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मानकात दुसरी कसोटी आणली ती पहिलीच्या जागी. येथे मात्र जुना भाडेकरू व नवा मालक एकाच खोलीत नांदविले आहेत! परिणामी दोघेही दमेकरी ठरतात. त्यांतला पहिला वर्षानुवर्षे विडी ओढणारा साठीचा गृहस्थ असेल, तर त्याचा विकार सीओपीडी असण्याची शक्यता कोणी तपासावयाची?

दुसरी उणीव आम्हांला अधिक खुपते. दमा हा मुळातच चंचल विकार. पहाटे धाप लागलेला रुग्ण दुपारी प्रयोगशाळेत साफ फुंकतो आणि कसोटी कोरी निघते. ही चंचलता टिपणारे साधन पीक फ्लो मीटर हे होय. ते १९५९ पासून उपलब्ध आहे. दोन आठवडे रोज दोनदा फुंकून वीस टक्के वा अधिक चढउतार मिळाला, तर मार्गदर्शिकाही तो पुरावा मानते. पण केव्हा? स्पायरोमीटर मिळत नसेल वा मिळण्यास विलंब असेल तेव्हा. त्याचे माप रुग्णाच्या जोरावर अवलंबून असते हे खरे, घरी लिहिलेल्या नोंदी कित्येकदा मागाहून भरलेल्या असतात हेही खरे. तथापि एका दुपारच्या अचूक मापाला पंधरा दिवसांच्या ओबडधोबड नोंदीची जोड हवी असते. स्पायरोमीटर हाताशी असतानाही ती नोंद घ्यावी, असे मार्गदर्शिकेने सांगितलेले नाही.