पूर्वपक्ष कुठे गेला?

तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रांतले निबंध मी नेमाने वाचतो, आणि अलीकडे ते वाचून संताप येतो. शंकराचार्य आणि कांट, बुद्ध आणि ह्यूम: दोघांची मते शेजारी मांडायची, साम्य दाखवायचे आणि थांबायचे. दोघांत बरोबर कोण, हे विचारायचेच नाही. गीतेतून व्यवस्थापन शिकवणाऱ्यांचा आणि देरिदाची परिभाषा गिरवणाऱ्यांचा विचार करण्यात अर्थ नाही.

विद्यापीठीय तत्त्वज्ञान काय करू शकते, हे १९८३ साली पुण्यात दिसले. तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक आणि शास्त्री-पंडित यांना समोरासमोर बसवले आणि रसेलची विधानाची कल्पना संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली. सुरुवातीच्या रसेलच्या मते विधान हे कुणाच्याही मनावर अवलंबून नसते. ते खरे किंवा खोटे असते. उलट पंडितांच्या न्यायदर्शनात खरेखोटेपणा ज्ञानाला असतो, आणि ज्ञान कुणाला तरी झालेले असते. मग शिंपल्यावर चांदी भासते तेव्हा काय होते? नैयायिक म्हणतो, शिंपला खरा, चांदीही दुसरीकडे खरी. चुकला तो फक्त त्यांचा संबंध. ‘खोटे विधान’ नावाची वेगळी वस्तू मानायची गरजच उरत नाही. खुद्द रसेलनेही १९१०च्या सुमारास खोटी विधाने सोडून दिली होती! इथे दोन परंपरा एकाच अडचणीशी झुंजताना दिसतात. त्याच दशकात नैयायिक पंडित बद्रीनाथ शुक्लांनी वेगळा आत्मा न मानता, देह आणि मन यांवरच न्यायदर्शन उभे राहील का, हे तपासले. आपल्याच दर्शनाच्या मुळाला हात घालण्याची ही हिंमत आज किती प्रबंधांत आहे?

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक शब्दांचा कीस काढतात, अशी तक्रार नेहमी होते. मला ती मान्य नाही. तो कीस काढायला सवड, ग्रंथ आणि प्रतिस्पर्धी लागतात, आणि हे तिन्ही विद्यापीठच देऊ शकते. दुखणे असे की कीस काढणेच थांबले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापील निबंधाला गुण दिले. मुद्दा टिकला की कोसळला, याचा गुणांशी संबंध राहिला नाही. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५मध्ये बंद झाली, पण सवय गेली नाही.

मराठीत परिभाषा नाही, ही सबब तर कुणी देऊच नये. वाडेकरांचा तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आहे, तत्त्वज्ञानाचे नियतकालिक ‘परामर्श’ आहे. दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’ मासिक काढून काटेकोर युक्तिवाद सामान्य वाचकापर्यंत नेला. साधने आहेत; प्रतिवाद करणारे नाहीत. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडल्याशिवाय सिद्धान्ताला बसायला जागा मिळत नसे. ती शिस्त आपणच मोडली, आणि खंडनाला उद्धटपणा समजू लागलो.

म्हणून नियतकालिकांच्या संपादकांनी प्रत्येक निबंधासोबत एक आक्षेप छापावा आणि पुढच्या अंकात लेखकाचे उत्तर घ्यावे. मार्गदर्शकांनी, ज्यात एकाही मताचे खंडन नाही असा प्रबंध परत पाठवावा.