‘चेंगराचेंगरी’ : एका शब्दाचे पुरातत्त्व

मिशेल फुको यांनी ‘पुरातत्त्व’ ही संज्ञा मातीच्या थरांकडून विधानांच्या थरांकडे वळवली. नागरी आंदोलनांच्या बाबतीत हे वळण विशेष उपयुक्त ठरते. कारण अशा घटनांचे भौतिक अवशेष फारसे उरतच नाहीत. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात उभारलेले अडथळे अधिवेशन संपताच उचलले जातात. उरतात ती नावे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागणारा गोवारींचा मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडवला गेला. पोलिसांच्या लाठीमारानंतर जमाव बिथरला आणि ११४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. मराठीत या घटनेसाठी ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द रूढ झाला. ‘मारामारी’, ‘ढकलाढकली’ यांच्याच घडणीचा हा शब्द परस्परक्रियेचा वाचक आहे : चिरडणारे तेच आणि चिरडले जाणारेही तेच. अडथळा आणि लाठी यांना त्याच्या व्याकरणात स्थान नाही. ‘हत्याकांड’ हा प्रतिशब्द हरवलेला कर्ता परत आणतो खरा. परंतु तो हेतूही गृहीत धरतो. हेतूवाचून, केवळ बेफिकिरीतून घडणाऱ्या शासकीय हिंसेला या दोन्ही शब्दांत नेमकी जागा मिळत नाही.

दुसरा थर नामफलकांचा आहे. झिरो माइल परिसरात शहीद गोवारींचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद’ हे नाव आहे. यांतील ‘आदिवासी’ हे विशेषण महत्त्वाचे, कारण मूळ वाद त्याचाच होता. अनुसूचीत नोंद आहे ती ‘गोंड गोवारी’ अशी. ही नोंद गोवारींचीच, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये मानले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय रद्द ठरवला.

याचा अर्थ असा की, जे विशेषण मृतांना पुलावर मिळाले, ते त्यांच्या वारसांना जातप्रमाणपत्रावर मिळत नाही. स्मारकाला केवळ स्मृतीचे चिन्ह मानणारी समीक्षा ही विसंगती पाहू शकत नाही. गौरवाची भाषा आणि हक्काची भाषा एकाच शहरात शेजारी शेजारी नांदतात, तरी एकीतला शब्द दुसरीत ग्राह्य ठरत नाही. नागपूरच्या या संहितेचे वाचन तेथून सुरू व्हायला हवे.