काफर, बाटगा, गद्दार : हमीद दलवाई आपण कधी वाचणार?

आपल्या व्यासपीठांवर हमीद दलवाईंचं नाव येत नाही. फुले येतात, कबीर येतो, मार्क्ससुद्धा मागच्या दाराने का होईना येतो. दलवाई येत नाहीत. कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं. "तो त्यांच्यातला. त्यांनीच त्याला काफर ठरवला. आपण कशाला मधे पडायचं?" म्हणजे माणूस वाचायच्या आधीच निकाल वाचून झाला. फिर्याद कुणाची होती, आरोपी काय म्हणत होता, याची चौकशीच नाही.

मी दलवाईंचं वकीलपत्र घेतलेलं नाही. त्यांचं सगळं मला पटत नाही आणि ते पुढे सांगणार आहे. पण ज्याच्या लिहिण्यावर असा शिक्का बसला, ते लिहिणं काय होतं हे तरी बघाल की नाही? कारण तोच शिक्का आता आपल्या वस्त्यांत तयार व्हायला लागलाय. अक्षरं तेवढी वेगळी.

आधी हकीकत. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे. जन्म 1932 चा. मराठीत लिहीत होते. 1961 साली 'लाट' हा कथासंग्रह, 1965 साली 'इंधन' ही कादंबरी. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 चं. म्हणजे बागुलांच्या मागून दोनच वर्षांत कोकणातला एक मुसलमान पोरगा मराठीत आग लिहीत होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा सरकारच्या दारात नेला. सातच बायका. मागणी काय? तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढायचं बंद करा. एका घरात चार बायका आणणं बंद करा. सगळ्यांना सारखा कायदा करा. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. शब्द नीट वाचा. सत्यशोधक. 1873 साली जोतीबांनी ज्या नावाने समाज काढला ते नाव. त्यांनी आपल्या बापाचं नाव लावलं, आणि आपण म्हणतो तो त्यांच्यातला!

3 मे 1977 ला ते गेले. मूत्रपिंडं गेली होती. वय पुरतं पंचेचाळीसही नाही. त्यांच्याच इच्छेप्रमाणे कुठलाही धार्मिक विधी न करता देहाचं दहन झालं. विरोधकांना तेवढाच पुरावा पुरला. "बघा, मेल्यावर तरी कळलं ना, मुसलमान नव्हताच."

इथे थांबायला पाहिजे. या 'नव्हताच'मध्ये सगळी मेख आहे.

समाजाला प्रश्न विचारला की उत्तर देणं अवघड असतं. त्यापेक्षा विचारणाऱ्याचं कूळ तपासणं सोपं. तू नमाज पढतोस का? नाही ना, मग तू आमचा नाहीस. आमचा नाहीस तर विचारणारा तू कोण? झालं. माणूस उंबऱ्याबाहेर, आणि त्याच्याबरोबर त्याचा प्रश्नही बाहेर. घर पुन्हा स्वच्छ. तलाक दिलेली बाई मात्र तिथेच असते, पोरं घेऊन, भावाच्या दारात. ती कुठे काफर झालेली असते? तिचं काय, हे कुणी सांगत नाही.

आणि हा नुसता तोंडी शब्द नसतो. त्याच्या मागून येतं ते वाळीत टाकणं. ते काय असतं हे आपल्या जातीला पुस्तकातून शिकायला नको, पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर बसून शिकलोय. पोरीचं लग्न अडतं, मयताला खांदा मिळत नाही, दफनाला जागा मिळत नाही. मुंबई सरकारने 1949 साली धर्मातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 साली सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. पंथाला आपला माणूस बाहेर काढायचा धार्मिक हक्क आहे म्हणाले. जातपंचायती आणि गावक्यांच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात पुन्हा कायदा व्हायला 2016 साल उजाडलं. मधली चोपन्न वर्षं शिक्का मारणाऱ्याला मोकळं रान.

आता 'इंधन'.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीत सुटली. ही कादंबरी मला रद्दीच्या दुकानात वजनावर मिळाली, अर्धं कव्हर फाटलेली. रातपाळी संपवून दोन दिवसांत वाचली. डोकं भणभणलं. गोष्ट अशी की खूप वर्षांनी एक मुसलमान माणूस कोकणातल्या आपल्या गावी परत येतो. आजारातून उठलेला आहे, विश्रांती घ्यायची आहे. चळवळीत राहिलेला, देवधर्म न मानणारा. गावात मुसलमान जमीनदार आहेत, हिंदू कुळं आहेत आणि नुकतेच बौद्ध झालेले आपले लोक आहेत. वरून सगळं जुनंच दिसतं. आतून जमिनीचे हिशेब बदललेत, मानपान बदललेत, पूर्वी वाकणारा आता मान वर करून बोलतोय. बाईच्या शरीरावरून पुरुष एकमेकांचे जुने हिशेब चुकते करताहेत. आणि मग ठिणगी पडते. दंगल होते.

कादंबरीचं नाव 'आग' नाही, 'इंधन' आहे. दलवाई ठिणगी कुणी टाकली एवढंच विचारून थांबत नाहीत. लाकडं कधीपासून रचली होती ते विचारतात. मुसलमान चांगले नि हिंदू वाईट, किंवा उलटं, असला सोपा खेळ नाही. मुसलमान जमीनदाराचा माज त्यांना दिसतो, हिंदूची गेल्या शे-दोनशे वर्षांची सूडाची गणितं दिसतात, गरीब मुसलमानाची भीती दिसते. आणि परत आलेला माणूस, जो कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा होऊ बघतो, त्याची कुणालाच गरज नसते हेही दिसतं. हे लिहायला छाती लागते. शहरातले आपले समीक्षक याला 'प्रादेशिक वास्तव' म्हणून मोकळे होतात. प्रादेशिक कसलं डोंबलाचं! हा देश आहे.

उणं काय ते पण सांगतो. 'इंधन'मधली आपली माणसं मुसलमान घराच्या ओटीवरून पाहिलेली आहेत. ती अंगणात उभी असतात, बोलतात, रागावतात. पण त्यांच्या झोपडीत लेखक शिरत नाही. 1956 ला धर्म बदलल्यावर आतून काय झालं, म्हातारीने देव्हारा कसा उचलला, तिच्या पोटात काय कालवलं, ते त्यात नाही. ते आपणच लिहायचं होतं. त्याबद्दल दलवाईंना दोष देऊन कसं चालेल?

दुसरी तक्रार मोठी आहे. कादंबरी लिहिणारे दलवाई आणि वैचारिक लेख लिहिणारे दलवाई यांच्यात मला फरक दिसतो. कादंबरीत मुसलमान म्हणजे जमीनदार, कूळ, बाई, पोरगं अशी वेगवेगळी हाडामांसाची माणसं. पण 1968 च्या त्यांच्या पुस्तकाचं नाव बघा: 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप, कारणे व उपाय'. तिथे भर येतो तो सगळ्या समाजाच्या एकाच मनावर, त्याच्या पुढाऱ्यांवर. विणकर मुसलमान, खाटीक मुसलमान, बागवान मुसलमान, त्यांच्यातला उच्चनीचपणा, त्यांची भाकर, हे त्यामानाने मागे पडतं. पुढे महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती या राहिलेल्या जागेतून. म्हणजे कादंबरीकार पुढे होता आणि लेख लिहिणारा दोन पावलं मागे. पण हे वाचल्याशिवाय बोलता येत नाही ना! आणि वाचलंय कुणी?

आमच्या खात्यात एक मुसलमान साथी आहे. जिवाभावाचा. त्याला म्हटलं, दलवाई माहीत आहेत का? तो म्हणाला, "नाव ऐकलंय. तो आमच्यातला राहिला नव्हता." काही वाचलंस का? "नाही." मग टाइम ऑफिसातल्या क्लार्कशी विषय निघाला. कपाळाला नाम ओढून येणारा माणूस. तो एकदम खुलला. "वा, दलवाई म्हणजे काय, त्यांच्यात तेवढा एकच चांगला निघाला." काय वाचलंत? "वाचायला कशाला पाहिजे?" एकाने न वाचता शिवी दिली, दुसऱ्याने न वाचता हार घातला. मला विचाराल तर हार जास्त घातक. त्या क्लार्कला दलवाईंच्या सात बायकांशी काही देणंघेणं नाही. त्याला मुसलमानाला झोडपायला मुसलमानाच्याच हातची काठी हवी आहे. तीच काठी बघून माझा साथी म्हणतो, बघ, तो त्यांचाच होता. असे दोघे मिळून एका माणसाला पुरतात.

हिंदू धर्माची चिकित्सा करणाऱ्यालाही दलवाई लागतात, हे त्या क्लार्कला कुणी सांगायचं? जोतीबांना धर्मबुडवे कुणी म्हटलं? बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तेव्हा टाळ्या कोण वाजवत होतं?

तलाकचं पुढे काय झालं तेही बघा. सात बायका 1966 ला रस्त्यावर आल्या. 1972 ला मुंबईत व्यक्तिगत कायदा वाचवायला मोठी परिषद भरली, 1973 ला मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड झालं. 1985 ला शाहबानो कोर्टात जिंकली आणि 1986 ला संसदेत हरली. 22 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. एक्कावन्न वर्षं. आणि 2019 ला कायदा आला, तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. आता नवरा आत गेल्यावर बाईला पोटगी कोण देणार, हा प्रश्न मुसलमान बायकाच विचारत होत्या. ऐकलं कुणी? घरातल्यांनी घरातला प्रश्न दाबला की तो मरत नाही. बाहेरचा उचलतो आणि आपल्या सोयीने, आपल्या मुठीत धरून उचलतो. 1966 लाच घरातल्यांनी त्या सात जणींना पाणी दिलं असतं, बसायला सांगितलं असतं, तर हा प्रश्न दुसऱ्याच्या हातात का गेला असता?

मित्रांनो, आता आपल्याकडे वळू. इथूनच काही जण पान उलटतील.

1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येतं. सात न्यायाधीशांपैकी सहा जण त्या बाजूचे. महाराष्ट्रात मातंग समाजाची ही मागणी जुनीच आहे. मी आमच्या वस्तीच्या बैठकीत एवढंच म्हटलं, "निकाल बरोबर की चूक ते नंतर ठरवू. पण मांगवाड्यातली माणसं काय म्हणतात ते एकदा विहारात बोलावून ऐकू. आणि आपल्या विहारात ती येत का नाहीत, तेही विचारू." बस. एवढ्यावर एक पुढारी उठला. "ह्यो कुणाचा माणूस हाय रं? ह्याला कुणी पाठवलाय?" दुसऱ्या दिवशी मी गद्दार झालो होतो. तिसऱ्या दिवशी म्हणे संघाच्या शाखेत जातो. आईला नळावर बाया विचारायला लागल्या, पोरगा बाटला व्हय?

बाटला! हा शब्द आपल्या तोंडात? ज्यांच्या सावलीने लोक बाटत होते त्यांच्या तोंडात?

नवीन नाही हे. 1978 ला 'बलुतं' आलं तेव्हा दया पवारांनाही ऐकावं लागलं की समाजाची अब्रू वेशीवर टांगली. पँथर 1972 ला जन्मली आणि 1974 ला फुटली. तेव्हा कोण खरा आंबेडकरवादी आणि कोण कम्युनिस्टांनी बाटवलेला, यातच आपली किती शाई गेली.

आणि आपला ग्रंथ काय सांगतो? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' 1957 ला आला, बाबासाहेब गेल्यानंतर. त्याची प्रस्तावना उघडा. बाबासाहेब तिथे बौद्ध परंपरेलाच चार सवाल टाकतात. सिद्धार्थाने एक म्हातारा, एक रोगी, एक प्रेत पाहून घर सोडलं हे पटतं का? चार आर्यसत्यं मुळातली का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? भिक्खू कशासाठी आहे? धर्मात पाऊल टाकतानाच त्या धर्माला सवाल. परंपरेतल्या बौद्धांना ते रुचलं नाही, हा खरा बुद्धाचा धम्म नव्हे असंही म्हटलं गेलं. म्हणजे शिक्का त्यांच्यावरही मारायचा प्रयत्न झालाच. खुद्द बुद्धाने कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. अशा घरात राहून आपण प्रश्न विचारणाऱ्याची शाखा शोधत फिरणार?

कुणी म्हणेल, शत्रू दारात उभा असताना घरातली भांडणं कशाला? दलवाईंनाही हेच सांगितलं गेलं. दंगलीत मुसलमान मरतोय आणि तू तलाक काढतोस? बरोबर आहे, शत्रू दारात आहे. पण तो उद्या जाणार आहे का? आणि तोपर्यंत तलाक दिलेल्या बाईने, मांगवाड्यातल्या पोराने थांबायचं? किती वर्षं? आकडा सांगा.

प्रश्न विचारणारा प्रत्येक जण सच्चा असतो असं मी म्हणत नाही. विकले गेलेले आहेत, खुर्चीसाठी बोलणारेही आहेत. ते ओळखायची माझी एक साधी रीत आहे. तो कुणासाठी विचारतोय ते बघायचं. दलवाईंच्या मागे सात बायका उभ्या होत्या. ज्याच्या मागे अशी कुणी पीडलेली माणसं उभी असतील, त्याला आधी उत्तर द्या. त्याचं कूळ मग तपासा.

माझी सूचना अशी. पुढचा एक अंक 'इंधन'वर काढू. मुसलमान साथींना लिहायला बोलावू, दलवाईंना शिव्या देणाऱ्यांनाही बोलावू, अट एकच, वाचून या. त्याच अंकात मांगवाड्यातल्या कवींना दहा पानं देऊ, आपल्याविषयी त्यांना जे म्हणायचं ते म्हणू देत. कागदाचा आणि शाईचा खर्च मी माझ्या पगारातून थोडा उचलतो. बाकीचं तुम्ही बघा. आणि गद्दार म्हणायचंच असेल तर अंक वाचून झाल्यावर म्हणा.