जिभेचा नकाशा आणि एका ओळीतली उत्तरं

पेटची तयारी करताना माझ्याकडे सामान्य ज्ञानाची दोन जाडजूड पुस्तकं होती. एका पानावर पौराणिक प्राणी, पुढच्या पानावर शरीरातली हाडं, मग थोरांची वचनं, मध्येच एखाद्या इंग्रजी बोलीशब्दाचा उगम. सगळं एकेका ओळीत. पुस्तकं अगदीच टाकाऊ नाहीत. एसटीत वेळ छान जातो आणि दोन-चार मार्कही पदरात पडतात. माझी तक्रार वेगळी आहे. ती उत्तर देतात, पण ते कुणी आणि कशावरून ठरवलं, याचा पत्ताच लागू देत नाहीत.

जिभेचा नकाशा घ्या. टोकाला गोड, कडेला खारट-आंबट, मागे कडू. ही आकृती आपण सगळ्यांनी शाळेत काढलीय. १९०१ मध्ये हॅनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेने वेगवेगळ्या जागी द्रावणं लावून, किती सौम्य चव कुठे कळते ते तपासलं. फरक मिळाले, पण अगदी थोडे. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात तीच माहिती आलेखात मांडली, पण तो आलेख असा होता की 'इथे थोडं कमी कळतं' याचा अर्थ लोकांनी 'इथे कळतच नाही' असा घेतला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजलं. फरक होते, पण किरकोळ. म्हणजे प्रयोग चुकला नव्हता, आलेख वाचण्यात घोळ झाला होता. गंमत म्हणजे हा नकाशा खोडायला प्रयोगशाळा लागत नाही, चिमूटभर मीठ जिभेच्या टोकावर ठेवलं की झालं. तरी आपण कुणीच ठेवलं नाही. मीसुद्धा नाही!

हाडांचं उत्तर तर त्याहून मजेशीर आहे. माणसाच्या शरीरात हाडं २०६, बरोबर. पण ती प्रौढ माणसाची, आणि तीही साधारणपणे. बाळ जन्मतं तेव्हा सुटे भाग तीनशेच्या आसपास असतात, पुढे ते जुळत जातात. काही जणांना मानेपाशी एखादी जादा बरगडी असते. आता सुश्रुतसंहिता उघडा: शल्यतंत्रात हाडं ३००. चरकसंहितेत ३६०. पुस्तकवाल्यांच्या हिशेबाने दोघंही नापास! पण चरकांच्या यादीत दात आणि नखंही धरली आहेत. आणि सुश्रुतसंहिता तर स्वतःच सांगते की ३६० मानणारे लोकही आहेत. म्हणजे भांडण मोजणीचं कमी आणि 'हाड कशाला म्हणायचं' याचं जास्त आहे. सिनॉप्सिसमध्ये व्याख्या आधी का लिहायला लावतात, ते मला मेथडॉलॉजीच्या लेक्चरपेक्षा इथे जास्त कळलं.

वचनांच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. तुमचं म्हणणं पटलं नाही तरी ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणाने जपेन, अशा अर्थाचं व्होल्तेअरचं वाक्य मी सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकलं होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "कुठल्या पुस्तकात? पान नंबर?" शोधलं तर वाक्य निघालं एव्हलिन बीट्रिस हॉल यांचं, १९०६ च्या पुस्तकातलं. व्होल्तेअरची भूमिका त्यांनी आपल्या शब्दांत मांडली होती. पान फाडलं, दुसरं काय करणार.

पौराणिक प्राण्यांचंही तेच. 'एकडोळ्या सायक्लॉप्सची कथा बुटक्या हत्तींच्या कवटीवरून आली.' कवटीच्या मधोमध सोंडेचं मोठं भोक असतं, ते डोळ्यासारखं दिसतं, म्हणून कल्पना आकर्षक वाटते. पण हा ओथेनियो आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडलेला तर्क आहे. ग्रीकांनी खरंच तसाच अर्थ लावला, याचा थेट पुरावा नाही. पुस्तकात 'असावी'ची 'आहे' झाली, बास.

नीट शोधलेलं उत्तर कसं असतं, तेही त्याच पुस्तकात सापडतं. 'ओके' शब्दाच्या उगमाबद्दल कितीतरी कथा फिरत होत्या. अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून चाळून तो १८३९ च्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात पकडला: 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून केलेला लघुरूपाचा विनोद. तेव्हा तिथे असल्या लघुरूपांची फॅशनच होती, हेही त्यांनी दाखवलं. पुस्तकात यावर एक ओळ आहे. रीड यांचं नाव त्यात नाही.